गाळलेला शब्द घेऊन शहाडला

म्हसळ्याहून ठाण्याची एसटी सकाळी सुटते. त्या गाडीत मी खिडकीशी बसलो तेव्हा माझ्याकडे एक पिशवी, एक ॲल्युमिनियमचा डबा आणि आठ महिने जुना एक निरोप होता. डब्यात सांदणं होती (तांदळाच्या रव्याची, नारळाच्या दुधातली, वाफवलेली गोड वडी). निरोप आईचा होता. वारण्याआधी दोन दिवस तिनं मला जवळ बसवून सांगितलं होतं, "शहाडला जाऊन ये. सांग त्यांना, मी माफ केलं. दोघांनाही."

शहाडला माझे वडील राहतात. मी बारा वर्षांचा असताना ते तिथल्या कारखान्यात कामाला गेले, तिथंच दुसरं लग्न केलं आणि गावाकडे परत आले नाहीत. 'दोघांनाही' म्हणजे ते आणि ती दुसरी बाई. निरोप पोहोचवायला मी आठ महिने लावले, याचं कारण एवढंच की माफ आईनं केलं होतं, मी नव्हतं. आता शहाडहून फोन आला होता की बाबांना माणसं ओळखू येत नाहीशी झाली आहेत, यायचं असेल तर लवकर या. म्हणून निघालो. निरोप द्यायचा, पण त्यातला 'दोघांनाही' हा शब्द गाळायचा, एवढं मी माणगाव येईपर्यंत पक्कं केलं होतं.

माझी नोकरी जमीन मोजणीची झाली. पस्तीस वर्षं लोकांच्या बांधावर साखळी ओढली, त्यामुळे कुठंही गेलो तरी आधी हद्द कुठं आहे ते बघतो. ठाण्यात हद्द सापडत नाही. खोपटच्या एसटी स्टँडवर उतरलो आणि टेंभी नाक्यापर्यंत चालत गेलो, तर कुठली इमारत कुठं संपते आणि दुसरी कुठं सुरू होते हे शेवटपर्यंत कळलं नाही. नाक्यावर मात्र एका पानवाल्यानं दुकानापुढचा हातभर फुटपाथ असा चकचकीत धुऊन ठेवला होता की तेवढी जागा कुणाची हे विचारायची गरज नव्हती. मी त्याला राबोडीचा रस्ता विचारला.

"काका, चालत जाणार? डब्यात काय घेऊन चाललाय?"

"सांदणं."

"मग चालत जा. रिक्षात सांडतील," तो म्हणाला. त्याचा सल्ला मानला.

राबोडीत माझी थोरली बहीण राहते. आम्ही तिला आपा म्हणतो. तिच्याकडे तिसऱ्या मजल्यावर चढून गेलो, पाणी प्यालो, आणि तिनं पापलेटाचं कालवण आणि तांदळाची भाकरी पुढं ठेवली. आपा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी आणि दहा वर्षांनी शहाणी आहे. मी जेवत असताना ती समोर बसून राहिली.

"रमजानात गेलेले मी," ती म्हणाली. "मला ओळखलं नाही. विचारलं, बाई कुणाच्या? पण नमाज सोडत नाहीत. पुढचं काय ते आठवत नाही, म्हणून ती बाजूला बसून एकेक शब्द सांगते आणि ते म्हणतात."

"ती म्हणजे?"

"ती म्हणजे ती. तुला नाव घ्यायचं नसेल तर नको घेऊ. पण निरोप पुरता दे हां. मोजणीत पाव गुंठाही सोडत नाहीस, इथं अख्खा शब्द सोडू नकोस."

मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. तिनं कसं ओळखलं ते मला माहीत नाही.

एक शब्द मी आधीच सोडलेला होता, आणि तो आपालाही ठाऊक नव्हता. इथं थोडं समजावून सांगायला हवं. नमाजात सगळ्यात शेवटी, बसल्या जागी, सलाम फेरण्याआधी (दोन्ही खांद्यांकडे मान वळवून नमाज संपवण्याआधी) आमच्याकडे एक दुआ म्हणतात. तिचा अर्थ साधारण असा की, हे पालनकर्त्या, मला नमाजावर कायम ठेव आणि माझ्या मुलाबाळांनाही, आमची विनवणी मान्य कर, आणि हिशेबाच्या दिवशी मला, आईबापांना आणि सगळ्या श्रद्धावंतांना माफ कर. हा अर्थ मी आज लिहितो आहे. लहानपणी अर्थ कुणी सांगितला नव्हता, नुसती पाठ करून घेतली होती. मी मराठी शाळेत शिकलेला. 'वालिद' म्हणजे बाप एवढं कानावरून माहीत होतं. दुआत शब्द येतो 'वलिवालिदय्य'. माझ्या कानाला त्यात 'वालिद' ऐकू आलं आणि पुढं 'दया'. वालिदांवर दया कर, असा अर्थ मी माझा मीच लावला. दया हा शब्द अरबीत कुठून येईल, हा प्रश्न बाराव्या वर्षी पडत नाही.

बाबा गेले त्या वर्षी मी तो शब्द दुआतून काढून टाकला. मला माफ कर, यावरून थेट उडी, सगळ्या श्रद्धावंतांना माफ कर. त्या गर्दीत बाबा आले तर येवोत, पण त्यांचं नाव मी घेणार नव्हतो. माझी नमाज कधी नियमित नव्हती, जुम्मा (शुक्रवारची नमाज) आणि ईद चुकली नाही इतकंच. पण जेव्हा जेव्हा केली तेव्हा तो शब्द गाळला. सेहेचाळीस वर्षं झाली. इतकी वर्षं एखादी गोष्ट मी दुसरी कुठलीच पाळलेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरानं राबोडीहून रिक्षा केली. चालक बाळाराम नावाचा, कळव्याचा राहणारा आगरी गृहस्थ, वयानं माझ्यापेक्षा थोडा लहान. कळव्याच्या पुलावर खाडी लागली. ओहोटी होती, चिखल उघडा पडला होता आणि त्यात बगळे आपापलं अंतर राखून उभे होते.

"ह्या बाजूला आमच्या आज्याचं मिठागर होतं," बाळारामनं हात बाहेर काढून दाखवलं. तिथं आता खारफुटी आणि तिच्या मागं टॉवर होते. "कुठशी आलाव काका?"

"म्हसळ्याहून."

"आनि शहाडला कोन हाय?"

"ओळखीचे आहेत एक."

त्यानं आरशातून माझ्याकडे बघितलं आणि गिअर बदलला. शहाडपर्यंतचं भाडं घेणाऱ्या माणसाला प्रवासी खोटं बोलतो आहे हे कळत असावं.

पारसिकचा डोंगर उजव्या हाताला ठेवून मुंब्रा लागलं. कौसा येईतो जुहरची (दुपारच्या नमाजाची) वेळ झाली. मी रिक्षा थांबवून मशिदीत गेलो. खरं सांगायचं तर भक्तीपेक्षा वेळकाढूपणा जास्त होता. नमाज नेहमीप्रमाणे केली, शब्द नेहमीप्रमाणे गाळला. बाहेर आलो तर माझ्या चपला नव्हत्या. कुणीतरी घाईत माझ्या घालून गेला होता आणि त्याच्या तशाच दिसणाऱ्या, पण एक नंबर लहान, ठेवून गेला होता. मी थोडा वेळ पायरीवर थांबलो, तो परत येईल या आशेनं. बाळाराम रिक्षातून ओरडला, "काका, तो पन तिकडं टाचा वर काढून चालत असल! घाला नि चला!"

टाचा मागं लोंबकळत ठेवून मी चाललो.

शीळफाट्याला ट्रकांच्या रांगेत अर्धा तास गेला. पुढं कल्याण-शीळ रस्त्याला दोन्हीकडे नव्या इमारतींच्या जाहिराती होत्या, आणि प्रत्येक जाहिरातीत एक झाड आणि एक हसणारं कुटुंब. मानपाड्याला डोंबिवलीच्या हद्दीत चहा घेतला. टपरीवाल्या बाईंनी चहाबरोबर न मागता गरम कांदाभजी पुढं केली आणि म्हणाल्या, "घ्या हो, घाण्यातली पहिली आहे, ती विकायची नसते." हा नियम त्यांचा की डोंबिवलीचा ते विचारायचं राहिलं. भजी उत्तम होती. पत्री पुलावरून कल्याणात शिरलो, आणि कल्याण ओलांडून शहाडला उल्हास नदी दिसली तेव्हा तीन वाजून गेले होते.

"इथंच सोडू?" बाळारामनं विचारलं.

"हो. वडील राहतात माझे इथं."

"मंग तसं सांगायचं की," तो म्हणाला. त्याला राग आला नव्हता. डबा माझ्या हातात देताना त्यानं झाकण घट्ट आहे का ते दाबून पाहिलं.

घर म्हणजे चाळीतल्या खालच्या दोन खोल्या. दाराला निळा रंग होता. दार त्या बाईंनी उघडलं. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. मनात एक बाई इतकी वर्षं होती, ती उंच आणि गोरी होती आणि जोरात हसायची. ही बाई ठेंगणी, सत्तरीकडे झुकलेली, आणि गळ्याला मफलर गुंडाळलेली होती. आवाज पूर्ण बसला होता. "या," असं त्या म्हणाल्या ते ऐकू आलं नाही, ओठांवरून कळलं. नाव रुकय्या, हे मला ठाऊक होतं. हाक काय मारायची हे ठरवलं नव्हतं, म्हणून मी नुसता डबा पुढं केला.

बाबा खाटेवर टेकून बसले होते. माणूस म्हातारपणी बारीक होतो हे मला माहीत आहे, तरी ते इतके थोडे उरले असतील असं वाटलं नव्हतं. माझ्या आठवणीतले बाबा दार अडवून उभे राहायचे.

"सलाम अलैकुम, बाबा. मी इक्बाल."

"वालेकुम सलाम," ते म्हणाले, अगदी स्पष्ट. मग माझ्याकडे निरखून पाहिलं. "मोजणीवाले आलात का?"

मी दचकलो. मी मोजणीत लागलो हे त्यांना कोण सांगणार? रुकय्याबाई कुजबुजल्या, "आपा सांगायच्या. तुमची सगळी खबर इथं यायची." मग मला कळलं, मोजणीवाले त्यांना आठवत होते, मोजणीवाला त्यांचा मुलगा आहे हे आठवत नव्हतं. मी निरोप काढणार तेवढ्यात जवळच्या मशिदीतून असरची (तिसऱ्या प्रहराच्या नमाजाची) अजान झाली. बाबा लगेच सरळ बसले आणि बाह्या खाली ओढू लागले. वुजू (हातपाय-तोंड धुणं) रुकय्याबाईंनी त्यांना बसल्या जागी करवली. नंतर त्या माझ्याकडे वळल्या आणि गळ्याला हात लावून म्हणाल्या, "आज तुम्ही सांगा. त्यांना कमी ऐकू येतं, माझा आवाज कालपासून पोहोचत नाही. कालच्या दोन नमाजा अर्ध्यावर राहिल्या, तर मुलासारखे रडले."

"नमाजात बाहेरच्यानं सांगितलेलं चालतं?"

"मौलानांना विचारलंय. म्हणाले, जे विसरलेत त्यांच्यासाठी चालेल."

नाही म्हणायला मला कारण सुचलं नाही. मी खाटेजवळ स्टूल घेऊन बसलो आणि मोठ्यानं एकेक तुकडा सांगू लागलो. बाबा माझ्या मागून म्हणत गेले, अगदी आज्ञाधारक आवाजात. मान झुकवायच्या ठिकाणी मान झुकवली, सजदा (कपाळ टेकणं) खाटेवर बसूनच केला. चार रकात (नमाजाची आवर्तनं) अशा गेल्या. मला कधी वाटलं नव्हतं की मी या माणसाला काही शिकवीन. शेवटच्या बैठकीत दुरूद (प्रेषितांसाठीची प्रार्थना) झाला आणि ती दुआ आली. मला नमाजावर कायम ठेव. ते म्हणाले. माझ्या मुलाबाळांनाही. ते म्हणाले. आमची विनवणी मान्य कर. म्हणाले.

"रब्बनग्फिर ली," मी म्हणालो, म्हणजे मला माफ कर.

"रब्बनग्फिर ली."

"व लिल मोमिनीन." नेहमीची उडी, थेट श्रद्धावंतांवर.

बाबा गप्प.

मला वाटलं ऐकू गेलं नाही. मी वाकून, कानाशी, पुन्हा म्हटलं. ते गप्पच. डोळे समोरच्या भिंतीवर, ओठ अर्धवट उघडे, पुढचा शब्द यायचा आहे आणि तो अजून आला नाही, अशा आविर्भावात थांबलेले. मी तिसऱ्यांदा म्हटलं, जरा चिडूनच. त्यांचं कपाळ आठ्यांनी भरलं. स्वतःचा मुलगा ओळखू न येणाऱ्या माणसाला मी गाळलेली जागा ओळखू येत होती.

रुकय्याबाई दारातून पुढं आल्या. "मधला राहिला," त्या ओठांनी म्हणाल्या. त्यांना वाटलं मी चुकलो.

मी लगेच म्हटला असं सांगितलं तर ते खोटं होईल. मला त्या क्षणी खरोखर राग आला. ज्या माणसासाठी तो शब्द काढून टाकला, तोच माणूस तो माझ्याकडून वसूल करायला बसला होता, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. पण त्यांची नमाज माझ्या तोंडाशी अडून राहिली होती. कालच्यासारखे ते आता रडतील हे मला दिसत होतं.

"वलिवालिदय्य," मी म्हणालो.

"वलिवालिदय्य," बाबा म्हणाले, आणि आठ्या गेल्या. पुढचं सगळं घसरगुंडीवरून आल्यासारखं आलं. सलाम फेरला तेव्हा उजवीकडे मी होतो, म्हणून आधी माझ्याकडे मान वळली.

रुकय्याबाई सरबताचे पेले घेऊन आल्या. "विसरायला होतं," त्या मला धीर देत कुजबुजल्या. "मी मोहल्ल्यातल्या मुलींना घरी शिकवायचे. सगळ्या तिथंच अडखळायच्या."

"बापावर दया कर, असंच ना?" मी विचारलं.

त्या हसल्या. आवाज नसलेलं हसू. "दया कुठली? वालिदय्य. माझे दोघं. आई आणि बाप, एका शब्दात. अरबीत दोघांसाठी निराळं रूप असतं."

"आणि नुसत्या बापाला काढायचं असेल तर?"

"कसं काढणार? शब्द एकच आहे. काढला तर दोघं जातात."

आमच्या खात्यात याला सामाईक म्हणतात. एका गटावर दोघांची नावं, हिस्सा न पाडलेला, एकाची रेघ मारायला गेलात की दुसऱ्याचीही जाते. हे मी हजार शेतकऱ्यांना समजावलेलं आहे. आणि सेहेचाळीस वर्षं मी स्वतः आईच्या नावावर रेघ मारत आलो होतो. ती जिवंत असताना विचारायची, माझ्यासाठी दुआ मागतोस ना रे, आणि मी हो म्हणायचो. ती गेल्यावर आठ महिने, तिच्या दफनाच्या दिवशीसुद्धा, मी बाबांवर सूड उगवला आणि तो तिच्यावर पडला. मला फार वाईट वाटलं. याहून चांगल्या शब्दात ते मला सांगता येणार नाही.

रुकय्याबाईंना यातलं काही माहीत नव्हतं. त्या बाबांचं तोंड पुसत होत्या. "त्यातलं मुलाबाळांचं मागणं मात्र हे कधी विसरत नाहीत," त्या म्हणाल्या. "सुरुवातीला मला हसू यायचं. आम्हाला मूल झालं नाही. मग कळलं, ते तुम्हा दोघांसाठी मागतात. रोज, पाच वेळा."

मी पेला खाली ठेवला.

"बाबा," मी म्हणालो, "आईनं निरोप दिलाय. तिनं माफ केलं."

"कुणाच्या आईनं?" त्यांनी विचारलं.

"माझ्या."

"भली बाई," ते म्हणाले, आणि सांदणाचा तुकडा मोडून खाऊ लागले. निरोप आठ महिने उशिरा पोहोचला होता. त्या आठ महिन्यांतल्या पहिल्या चारांत त्यांना कळलं असतं, असं मला नंतर आपाकडून समजलं. ते मी माझ्याकडे ठेवतो, त्यात वाटेकरी कुणी नाही.

रुकय्याबाई उभ्याच होत्या. मफलरचं टोक दोन्ही हातांनी धरलं होतं आणि माझ्याकडे न बघता फरशीकडे बघत होत्या. आपल्यासाठीही काही निरोप आहे का, हे विचारायचा हक्क नाही असं त्यांना वाटत असावं, आणि कालपर्यंत मलाही तसंच वाटत होतं.

"निरोप अजून संपला नाही, खाला," मी म्हणालो. खाला म्हणजे मावशी. तो शब्द कुठून आला मला माहीत नाही. "आई म्हणाली होती, दोघांनाही."

त्या तिथंच खाली बसल्या. आवाज नसल्यामुळे त्यांचं रडणं ऐकू येत नव्हतं. बाबांनी खाटेवरून वाकून सांदणाचा उरलेला तुकडा त्यांच्यापुढं धरला.

निघताना त्या चपलांकडे बघून म्हणाल्या, "तुमच्या मापाच्या नाहीत वाटतं," आणि बाबांच्या जुन्या, आता न लागणाऱ्या चपला पुढं सरकवल्या. त्या मला बरोबर बसल्या. उल्हास नदीवरच्या पुलावर रिक्षा मिळाली, दिवेलागणीनंतर राबोडीला पोहोचलो, आणि आपानं दार उघडल्या उघडल्या आधी माझ्या पायांकडे पाहिलं आणि मग तोंडाकडे. दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं म्हसळ्याला आलो.

या प्रवासातून काय मिळालं असं विचाराल तर ठाण्याची हद्द अजून मला सापडलेली नाही, आणि बाबांना मी पूर्ण माफ केलं आहे का हेही छातीठोक सांगता येत नाही. पण खालाचा आवाज अजून नीट आला नाही. म्हणून रोज असरला शहाडहून फोन येतो. त्या फोन बाबांच्या कानाशी धरतात आणि मी इथून सांगतो. त्यांची चुकू नये म्हणून माझीही चुकत नाही. परवा त्या शब्दाशी आलो आणि मला ठसका लागला. बराच वेळ बोलता येईना. पलीकडे बाबा थांबून राहिले, पुढं गेले नाहीत.

मी पाणी प्यालो आणि तो शब्द म्हटला.

"वलिवालिदय्य," पलीकडून आलं.